चेर पाओसाठी तीन बार

ब्लिया लोरला बंदुकीची भीती कधी वाटली नाही आणि कौतुकही कधी वाटलं नाही. लाओसच्या डोंगरात तिच्या माहेरी चुलीमागच्या भिंतीला बंदूक टांगलेली असायची. तिच्या चुलत्यानंच भट्टीत लोखंड तापवून, ठोकून केलेली. एका बाजूला सूप, दुसऱ्या बाजूला कोयता, मध्ये बंदूक. बाप बांबूच्या नळकांड्यानं दारू मोजून नळीत ओतायचा आणि रानडुकराच्या मागं जायचा. मिळालं तर मटण, नाही मिळालं तर पालेभाजी.

आणखी एका कामाला ती बंदूक भिंतीवरून उतरायची. गावात कुणी गेलं की घरातला माणूस अंगणात येऊन आभाळाकडे तीन बार काढायचा. घाईनं नाही. एक बार, मग नळी पुन्हा भरेपर्यंतची शांतता, मग दुसरा. तिसरा ऐकला की डोंगरावर जो जिथं असेल तो हातातलं काम टाकून त्या घराकडे निघायचा. कुणी तांदूळ घेऊन, कुणी कोंबडी घेऊन, कुणी नुसताच. सांगावा धाडायची रीत तिच्या हमोंग लोकांत नाही. सांगावा धाडल्यावर काय, कुणीही येतं.

तिच्या नवऱ्याला, चेर पाओला, बंदूक अशी घरातून मिळाली नव्हती. ती त्याला अमेरिकेनं दिली. शेजारच्या व्हिएतनामात लढाई चालली होती आणि अमेरिकेला या डोंगरातून लढणारी माणसं हवी होती, गुपचूप. विमानातून उतरलेल्या गोऱ्या माणसांनी पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या हातात बंदूक ठेवली. चेर पाओ तेरा वर्षांचा होता. बंदूक जमिनीवर उभी धरली तर नळी त्याच्या कानाला लागायची. कुणी वय विचारलं नाही, कागद मागितला नाही. "हरलात तरी आम्ही तुम्हाला टाकणार नाही," एवढं दुभाष्याकरवी सांगितलं.

ब्लिया तेव्हा त्याची बायको नव्हती, वहिनी होती. तिचा पहिला नवरा न्या तू हा चेर पाओचा थोरला भाऊ. तो लढाईत एका कड्यावर पडला. समोरच्या कड्यावर शत्रू बसलेला. बार काढला असता तर आणखी चौघं गेले असते. म्हणून प्रेत पानांनी झाकून, तोंड दाबून सगळे उतरले. न्या तूसाठी तीन बार झालेच नाहीत. वर्षभरानं रीतीप्रमाणं धाकट्या दिरानं वहिनीला घरात घेतलं. ती बावीसची, तो वीसचा. चेर पाओ झोपेत ओरडून उठायचा, "दादा तिथंच उभा आहे गं. त्याला कुणी सांगितलंच नाही तो गेला म्हणून."

मग लढाई हरली आणि माणसं नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत शिरली. तिथल्या कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" घाबरलेल्या ब्लियानं जे आधी तोंडाला आलं ते सांगितलं, न्या तू. कागदावर ती न्या तूची विधवा झाली आणि चेर पाओ नुसता दीर. दुरुस्ती करायला गेलं तर शिधा बंद होईल, असं सगळे म्हणत. तिनं तोंड मिटलं. तोंड मिटून वाचतो माणूस, असा तिचा तोवरचा अनुभव होता.

*

विस्कॉन्सिनमधल्या बेल्डन फॉल्स या गावात त्यांना आणलं ते तिथल्या चर्चनं, आणि चर्चतर्फे सगळं बघितलं लॉइड ब्रँडवोल्डनं. उंच, तांबड्या कानांचा, कागद गिरणीतला फोरमन. त्यानं त्यांना आपल्या शेजारचं घर भाड्यानं मिळवून दिलं, ब्लँकेटं दिली, बर्फात गाडी कशी चालवायची ते दाखवलं. पहिल्याच रविवारी जेवायला बोलावून त्यानं दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उघडलं. आत अकरा बंदुका, तेल लावून, रांगेत उभ्या.

"हे माझं दुसरं कुटुंब," लॉइड म्हणाला.

"दुसरं नाही, पहिलं!" स्वयंपाकघरातून त्याची बायको मार्लिस ओरडली.

चेर पाओला इंग्रजीचे चाळीसएक शब्द येत होते. त्यानं एक जुनी लष्करी बंदूक बोटानं दाखवली. लॉइडनं कौतुकानं हातात दिली. चेर पाओनं डोळे मिटले आणि मिनिटाभरात तिचे सगळे भाग सुटे करून जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले.

"अरे बापरे! कुठं शिकलास हे?"

"तुमच्या माणसांनी शिकवलं."

"कधी?"

"मी तेरा वर्षांचा."

लॉइड हसत होता तो थांबला. मार्लिसनं बटाट्याचं वाफाळतं भांडं टेबलावर आणलं, ठेवायला जागा नव्हती म्हणून तशीच उभी राहिली. "आवरा बाई ते," ती म्हणाली. "गार होतंय सगळं."

घरी येताना ब्लियानं विचारलं, "अकरा बंदुका कशाला लागतात रे यांना? कोण येणार आहे यांच्या अंगावर?"

"कुणी येत नाही म्हणून तर अकरा आहेत. खरंच कुणी येत असता तर एकच ठेवली असती, हाताशी."

मार्लिसच्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी एक छोटं पिस्तूल असतं, हे ब्लियाला पुढं चर्चमध्येच कळलं, भजनाची चोपडी काढताना. "देवाच्या दारात सुद्धा?" तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं. मार्लिस गोड हसून म्हणाली, "देव आपलं काम करतो गं, आपण आपलं करावं." ब्लियाच्या घरी पूर्वजांचं ठाणं होतं, भिंतीला लावलेला सोनेरी कागद आणि त्याखाली कोंबडीची पिसं. तिथं ती रोज हात जोडायची, पण कमरेला कोयता खोचून कधी नाही.

तरी माणसं वाईट नव्हती. चेर पाओ खिडक्यांच्या कारखान्यात लागला, ब्लिया शनिवारच्या बाजारात मोहरीची भाजी, मिरच्या आणि गवती चहा विकू लागली. मुलगा झाला, तोंग; तो शिकला, मिलवॉकीला शाळेच्या बसगाड्यांच्या कचेरीत लागला. चेर पाओनं शिकारीची परीक्षा दिली आणि एका नळीची साधी बंदूक घेतली. दर नोव्हेंबरात नारिंगी जाकीट घालून तो आणि लॉइड हरणाच्या मागं जायचे. लॉइडनं एकदा परसात शिरलेल्या रॅकून या जनावरावर बंदूक झाडली. गावाच्या हद्दीत बार काढायला मनाई आहे, म्हणून पोलीस आला. लॉइडच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला, दंडाची चिठ्ठी लिहून दिली आणि जाताना म्हणाला, "लॉइड, निदान लागायला तरी हवं होतं." ती चिठ्ठी लॉइडनं फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

चेर पाओ पुढं नागरिक झाला. त्या गुप्त लढाईत लढलेल्यांना इंग्रजीची अट माफ झाली होती, त्यांच्या बायकांनाही. पण ब्लिया कागदावर त्याची बायको कुठं होती? ती एकदा कचेरीत गेली. बाईनं फाइल चाळून विचारलं, "हा तुमचा दीर, की नवरा?" छावणीतलं खोटं आता बाहेर येणार, असं वाटून ती "पोट दुखतंय" म्हणून जी उठली ती पुन्हा गेली नाही. हातात ग्रीन कार्ड होतं. त्यावर 'कायम' असा शब्द आहे, असं तोंगनं लहानपणीच वाचून दाखवलं होतं. कायम म्हणजे कायम, तिला वाटलं.

*

लॉइडचा भाऊ वारला तेव्हा चेर पाओ दफनाला गेला होता. भाऊ व्हिएतनामला जाऊन आलेला, म्हणून गावातल्या माजी सैनिकांच्या क्लबातले सात म्हातारे टोप्या घालून आले आणि कबरीपाशी त्यांनी बार काढले. तीन वेळा. चेर पाओ घरी येऊन बूट न काढताच खुर्चीत बसला.

"यांच्यातही तीनच आहेत गं, तोंगच्या आई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं."

तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं. भावाला नाही मिळाले, निदान आपल्याला मिळावेत. म्हणजे आपण वर जाऊन दादाला सांगू, चल, हे दोघांचे आहेत. तो क्लबात गेला. तिथला प्रमुख मान देऊन बोलला, खुर्ची दिली.

"तुमच्या सैन्यातल्या नोकरीचा कागद आहे का?"

"कागद नव्हता. बंदूक होती."

"मला पटतंय हो. पण वर दाखवायला काहीतरी लागतं. तुमचं पथक आमच्या यादीतच नाही."

"गुप्त होतं," चेर पाओ म्हणाला.

"तेच तर," प्रमुख म्हणाला. "तेच तर."

लॉइडनंही क्लबात शब्द टाकला, पण फार जोर लावला नाही. "नियम आहेत ना," असं म्हणून त्यानं मान हलवली. मग चेर पाओचं यकृत बिघडलं. दोन महिन्यांत पाठ अंथरुणाला टेकली. एका दुपारी त्यानं ब्लियाला कपाटातली बंदूक आणायला लावली, बिस्किटाच्या डब्यातून तीन काडतुसं काढून तिच्या ओंजळीत दिली आणि कसं भरायचं ते पडल्या पडल्या शिकवलं.

"पोरगं नाही करणार. पोरगं नियम बघेल. तू कर."

"करीन."

"आभाळाकडे धर. खांद्याला घट्ट लाव, नाहीतर हाड मोडेल. म्हातारी झालीस."

"तू तेवढा तरुण राहिलास," ती म्हणाली. तो हसला, मग खोकला, मग झोपला.

तो गेला तो नोव्हेंबरातल्या शनिवारी, हरणाच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला. सकाळपासून गावाभोवतीच्या रानात बार वाजत होते, जवळ, लांब, एकसारखे. तोंग मिलवॉकीहून निघाला होता, तीन तास लागणार होते. ब्लियानं नवऱ्याचं तोंड पुसलं, हनुवटी बांधली, उशाशी उकडलेलं अंडं आणि भात ठेवला. मग मागच्या पायरीवर जाऊन बंदूक वर धरली. पहिल्या बाराला ती मागं दारावर आपटली. दुसऱ्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिसरा तिनं दात खाऊन काढला. बंदूक आत नेऊन त्याच्या पायाशी ठेवली आणि ती पुढच्या दारात येऊन उभी राहिली, येणाऱ्यांसाठी.

आणि माणसं आली. दहा मिनिटांत आली. गाड्या करकचून थांबल्या, चार-पाच जण उतरून अंगणात पळत आले. ब्लियाचा ऊर भरून आला. या परमुलखात सुद्धा! तिनं दोन्ही हात जोडून कमरेत वाकून नमस्कार केला. "या, या. आत आहेत. आत निजवलंय," ती आपल्या भाषेत म्हणाली आणि वाट दाखवायला वळली.

"हलू नकोस! हात वर! हात वर!"

त्यांच्याही हातात बंदुका होत्या, हे तिला तेव्हा दिसलं. देवाचीच कृपा की त्यातल्या एकानंही चाप ओढला नाही. तिला पायऱ्यांवर पालथी पाडून हातकड्या घातल्या. ती एकच म्हणत होती, "त्याला एकटं नका ठेवू." मेलेल्या माणसापाशी कुणीतरी बसायला लागतं, क्षणभर एकटं सोडायचं नसतं. पोलिसांना ते काय कळणार? गाडीच्या काचेतून तिला लॉइडचं घर दिसत होतं. तो रानात गेला होता, हरणासाठी.

पोलिसांना बोलावलं होतं पलीकडच्या घरातल्या ब्रिटनीनं. नवी आलेली, दोन लहान मुलांची आई. तिला तरी काय बोल लावावा? तिच्या मुलांना शाळेत शिकवलेलं असतं, बार ऐकला की दिवे घालवायचे, कुठंतरी लपायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. पहिल्या बारालाच दोघंही, सहा वर्षांचा आणि चार वर्षांची, आपणहून जाऊन कोरड्या बाथटबमध्ये एकमेकांवर निजली होती. ब्रिटनीला ती पाच मिनिटं सापडलीच नाहीत. मग अंगणात, मुलं उड्या मारतात त्या ट्रॅम्पोलिनवर तिला छर्रे मिळाले, ज्वारीच्या दाण्याएवढे. वर गेलेलं खाली येणारच. पण आईनं तेव्हा काय विचार करावा?

चेर पाओ दोन-अडीच तास एकटा पडून होता. तोंग पोहोचला तेव्हा दाराला पोलिसांची पिवळी फीत होती.

*

ब्लिया दुसऱ्या दिवशी सुटून आली. अंत्यविधीचे चार दिवस झाले, ढोल झाला, बांबूचं वाद्य झालं, सगळं रीतसर. तोंग तिच्याशी धड बोलत नव्हता.

"अगं आई, मला सांगायचंस तरी!"

"तू नको म्हणाला असतास."

"हो, म्हणालोच असतो! लॉइडकाकांना सांगायचंस. ते नागरिक आहेत. त्यांनी उडवली असती, दंडाची चिठ्ठी घेतली असती, झालं असतं!"

"नवरा माझा मेला, बार त्यानं काढायचे?"

जानेवारीत कोर्टाची तारीख लागली. गुन्हा लिहिला होता तो साधा हद्दीत बार काढल्याचा नव्हता. बेपर्वाईनं बंदूक चालवून लोकांचा जीव धोक्यात घातला, असा होता. कोर्टानं दिलेला वकील तरुण, घाईत. चाळीस वर्षं गावात असलेली भाजीवाली म्हातारी नागरिक नसेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. "मान्य करा. थोडा दंड होईल, घरी जाल," तो म्हणाला.

मान्य करायला ब्लिया तयारच होती. हमोंग लोकांत भांडण झालं, चूक झाली, की घराण्यातली वडीलधारी माणसं बसतात. चुकलेल्यानं उभं राहून सगळं कबूल करायचं, हातचं राखायचं नाही, दोन वेळा गुडघे टेकायचे, दारूचे दोन पेले पुढं करायचे. मग वडीलधारे म्हणतात, झालं, बुजवलं. त्यानंतर ते कुणी उकरून काढलं तर दोष उकरणाऱ्याचा. जो जास्त कबूल करतो त्याला जास्त माफी. खळखळ करतो त्याच्या माथी खोट बसते.

न्यायाधीश बाई होत्या. दुभाषी फोनवर होती, कुठल्या तरी लांबच्या शहरातून.

"आजूबाजूला घरं आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"लहान मुलं असतात हे माहीत होतं?"

"हो. दोन आहेत. मी त्यांना काकड्या देते."

"तरीही तुम्ही तीनदा बंदूक चालवलीत?"

"हो, तीनदा. माझी चूक आहे. मुलं घाबरली. मी त्यांच्या आईची माफी मागते."

"तुम्ही या देशाच्या नागरिक नसाल तर या कबुलीमुळं तुम्हाला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. हे तुम्हाला समजलं का?"

फोनमधून शब्द आले. ब्लियानं ते ऐकले. पण वडीलधारी बाई समजलं का म्हणून विचारते, तेव्हा मध्येच 'पण' लावायचा नसतो.

"हो," ती म्हणाली. आणि वकील अडवायच्या आत तिनं कोर्टाच्या गालिच्यावर दोनदा गुडघे टेकले. दंड झाला, एक वर्षाची सरकारी देखरेख लागली. बाहेर येऊन ती तोंगला म्हणाली, "बुजवलं." तिला हलकं वाटत होतं. त्या वर्षी तिनं मिरच्या जास्त लावल्या.

अडीच वर्षांनी देशाबाहेर काढण्याचं सरकारी पत्र आलं. मधल्या काळात वरचं वारं फिरलं होतं, जुन्या फायली उघडल्या जात होत्या. तोंगनं नवा वकील केला, त्यानं कपाळाला हात लावला. "बंदुकीचा गुन्हा आहे हा. चोरी असती तर लढता आलं असतं. दारू पिऊन गाडी ठोकली असती तरी चाललं असतं. नागरिक नसलेल्यानं बंदुकीत कबुली दिली म्हणजे संपलं. कबूल कशाला केलंत हो, आजी? आभाळात उडवली एवढं तरी सांगायचंत."

"त्यांनी कुठं विचारलं?" ब्लिया म्हणाली.

ब्रिटनी रडत आली. "मला वाटलं कुणीतरी मारायला आलंय. मी त्यांना हे करा नव्हतं सांगितलं. मी लिहून देते, हवं तर." तिनं लिहून दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. लॉइडही आला, काठी टेकत. मार्लिस जाऊन चार वर्षं झाली होती. बटाटे त्यानं स्वतः भाजून भांड्यातून आणले होते, खालून जळलेले.

"मला हाक मारायचीस, ब्लिया," तो म्हणाला. "मी काढले असते बार. शंभर-दीडशे डॉलर दंड, आणखी काय?"

"लॉइडभाऊ, क्लबात तुम्हाला तेव्हा बोलता आलं असतं."

"बोललो होतो मी."

"एकदा."

तो भांडं ठेवून उभा राहिला. "आपला कायदा साधा आहे गं," तो म्हणाला. "ज्यानं काही केलं नाही, त्याला भ्यायचं कारण नाही. मी जन्मभर हेच सांगत आलो लोकांना."

"सांगा, सांगत राहा," ब्लिया म्हणाली आणि त्याचं भांडं घासून परत द्यायला मोरीकडे गेली.

शेवटचा एक दरवाजा उरला होता. लाओसमध्ये परत गेल्यास जिवाची भीती आहे, असं तिनं अधिकाऱ्यापुढं सांगितलं तर काही काळ तरी थांबता येणार होतं. तोंगनं गाडीत तिला दहा वेळा पढवलं. "आई, सगळीकडे हो म्हणालीस, आता एकदा माझ्यासाठी हो म्हण. भीती वाटते म्हण. तुला पाया पडतो."

आत तिला हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायला लावली. मग विचारलं, "परत जायची तुम्हाला भीती वाटते?"

ब्लियाला कडा आठवला, नदी आठवली, छावणीतला कारकून आठवला. एकदा घाबरून एक खोटं सांगितलं, त्यानं नवऱ्याला दीर केलं. आता शपथेवर दुसरं?

"मला मारणार होते ते सगळे म्हातारे होऊन मेले असतील," ती म्हणाली. "भ्यायचं कुणाला?"

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं.

*

लाओसच्या राजधानीच्या, व्हिएनत्यानच्या कडेला तिला एक खोली मिळाली. तोंग महिन्याला पैसे पाठवतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय? पण हे तिला कुणी विचारत नाही. तिच्या गावाचं आता धरण झालं आहे, आणि जन्मभूमी म्हणून सरकारनं तिला ज्या देशात आणून सोडलं तिथं तिच्या भाषेत बोलणारं माणूस शोधावं लागतं. घरमालकीण बुआफान ही लाओ बाई, घराखाली शेवयांचं सूप विकणारी. पहिला आठवडा दोघी संध्याकाळी एकाच ताटात भात कालवायच्या. ब्लियाला अर्धवट आठवणाऱ्या लाओ भाषेवर बुआफान खदाखदा हसायची.

"मावशी, एक विचारू? तू काय केलंस म्हणून अमेरिकेनं तुला हाकललं?"

"बंदूक उडवली."

"आगं बाई! कुणावर?"

"कुणावर नाही. आभाळात. नवरा गेला म्हणून."

बुआफानचा हात ताटातच थांबला. मग ती मोठ्यानं हसली. "मावशी, मी खुळी आहे होय? अमेरिकेत शाळेत उडवतात, दुकानात उडवतात. रोज फोनवर दिसतं आम्हाला. तिथं बंदूक भाजीसारखी मिळते. आणि आभाळात उडवली म्हणून म्हाताऱ्या बाईला विमानात घालून पाठवतात? असू दे. नसेल सांगायचं तर नको सांगूस."

"खरंच सांगते गं. आभाळात."

"बरं, बरं."

दोन दिवसांत सूप प्यायला येणाऱ्यांत बातमी फिरली की वरच्या खोलीतल्या हमोंग म्हातारीनं अमेरिकेत माणूस मारला. आठवडा संपेपर्यंत माणसं दोन झाली होती, त्यातला एक पोलीस. जिन्यात पोरं तिला बघून भिंतीला चिकटायची. ब्लियानं एकदा-दोनदा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितक्या समोरच्यांच्या माना आदरानं हलायच्या. मग तिनं नाद सोडला.

आता बुआफान वर येऊन जेवत नाही. संध्याकाळी दाराबाहेरच्या स्टुलावर वाडगा ठेवते, दोन पावलं मागं सरकते आणि हाक मारते, "अहो आजी, सूप ठेवलंय, गार व्हायच्या आत घ्या हं." पूर्वी ती अगं मावशी म्हणायची.

रविवारी तोंगचा फोन येतो. "आई, शेजारी कसे आहेत गं? नीट वागतात ना तुझ्याशी?"

"मान देतात," ब्लिया सांगते, आणि वाडगा आत घ्यायला उठते.